पाऱ्याची वाफ आणि दाढेतली चांदी

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक छोटीशी पद्धत शिकवली जाते. लोहाची क्लोराइडे दोन असतात. ती एकमेकांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून लोहाच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहायचा. एकीला दोन, दुसरीला तीन. या पद्धतीला स्टॉक पद्धत म्हणतात. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या कनिष्ठ महाविद्यालयांत आणि शिकवणीवर्गांत दरवर्षी हजारो मुले हे नाव पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. ज्या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव आहे, त्याच्या आयुष्यात मात्र विसरणे ही फार दारुण गोष्ट होती. ऐन कर्तृत्वाच्या काळात आल्फ्रेड स्टॉक यांची स्मरणशक्ती त्यांना सोडून जाऊ लागली. तिचा चोर त्यांना आपल्याच प्रयोगशाळेच्या टेबलावर सापडला. त्या चोराचा माग काढताना ते जाऊन पोहोचले माणसाच्या दाढेपर्यंत. आपल्या घरातल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी एकेकाळी दातात चांदी भरून घेतली आहे. त्या चांदीत निम्मा पारा असतो. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न शास्त्रीय मोजमापासह विचारणाऱ्यांत स्टॉक अग्रणी होते.

आल्फ्रेड स्टॉक यांचा जन्म १६ जुलै १८७६ रोजी डान्झिग या बाल्टिक समुद्रकाठच्या बंदरात झाला. तेव्हा जर्मनीत असलेले हे शहर आज पोलंडमध्ये ग्दान्स्क म्हणून ओळखले जाते. त्यांचे शालेय शिक्षण बर्लिनमध्ये झाले आणि १८९४ मध्ये त्यांनी तिथल्याच विद्यापीठात प्रवेश घेतला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने बर्लिन ही त्या काळातली काशीच होती. शर्करा आणि प्रथिनांच्या रचनेवर मूलभूत काम करणारे एमिल फिशर तिथे होते. त्यांच्या संस्थेत काम करून स्टॉक यांनी १८९९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर वर्षभर ते पॅरिसला आन्री म्वासाँ यांच्याकडे राहिले. फ्लोरीन हे अत्यंत दाहक मूलद्रव्य १८८६ मध्ये प्रथम वेगळे काढणारे हेच ते म्वासाँ. फिशर यांना १९०२ मध्ये आणि म्वासाँ यांना १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. धोकादायक पदार्थ धीटपणे हाताळणाऱ्या या गुरूकडून स्टॉक यांनी कौशल्य घेतले आणि पुढच्या आयुष्यभराचा विषयही घेतला. तो विषय म्हणजे बोरॉन आणि सिलिकॉन.

१९०९ मध्ये ते ब्रेस्लाऊ येथील नव्या अकार्बनी रसायन संस्थेत प्राध्यापक म्हणून गेले. हे शहरही आज पोलंडमध्ये आहे. बोरॉन आणि हायड्रोजन यांची संयुगे तयार करण्याचे काम त्यांनी तिथे हाती घेतले. ही संयुगे विलक्षण चंचल. त्यांतली काही हवेचा स्पर्श होताच पेट घेतात, पाण्याशी गाठ पडली की विघटन पावतात, आणि बहुतेक विषारी असतात. ती उघड्यावर ठेवता येत नाहीत, चंबूत ओतता येत नाहीत, साध्या तोटीतून सोडता येत नाहीत, कारण तोटीला लावलेल्या चरबीवरही ती हल्ला करतात. स्टॉक यांनी यावर जो उपाय काढला, तो रसायनशास्त्राच्या इतिहासात अजरामर झाला. त्यांनी काचेच्या नळ्यांचे एक बंद जाळे उभारले, त्यातली हवा पूर्णपणे काढून टाकली, आणि सगळा प्रयोग त्या निर्वातात केला. या जाळ्यात झडपा पाऱ्याच्या, पंप पाऱ्याचे आणि दाबमापकही पाऱ्याचे. पारा वर चढला की वाट बंद, खाली उतरला की वाट मोकळी. चरबीची गरज उरली नाही, हवेचा शिरकाव थांबला, आणि एका थेंबाएवढा पदार्थही शुद्ध स्वरूपात तपासता येऊ लागला.

या उपकरणाच्या जोरावर स्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ पासून पुढे बोरॉनच्या हायड्राइडांची एक सबंध मालिका जगापुढे ठेवली. त्यांतल्या सर्वांत साध्या संयुगात, डायबोरेनमध्ये, अणूंना एकत्र बांधायला लागणारे इलेक्ट्रॉन पुरेसे दिसत नव्हते. तरीही ते संयुग अस्तित्वात होते. हे कोडे रसायनशास्त्रज्ञांना अनेक दशके पुरले. बोरेनांच्या रचनेचा उलगडा केल्याबद्दल विल्यम लिप्सकॉम्ब यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्या कामाचा पाया ब्रेस्लाऊच्या आणि नंतर बर्लिनच्या प्रयोगशाळेत, पाऱ्याच्या झडपा वरखाली करत घातला गेला होता. १९१६ मध्ये स्टॉक बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म रसायन संस्थेत आले आणि पुढे तिचे संचालक झाले. ऑटो हान आणि लिझे माइटनर याच संस्थेत काम करत होते. संयुगांच्या नावात रोमन आकडे लिहिण्याची पद्धत स्टॉक यांनी सुचवली ती १९१९ मध्ये. बाहेरून पाहता हा एका यशस्वी शास्त्रज्ञाचा चढता आलेख होता.

आतून मात्र हा माणूस कोसळत होता. डोके दुखणे, भोवळ येणे, नाक सतत चोंदलेले राहणे या तक्रारी त्यांना तरुणपणापासूनच होत्या. त्यासाठी नाकावर वारंवार उपचार झाले, शस्त्रक्रियाही झाल्या. उपयोग झाला नाही. पुढे हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तोंडात व्रण उठू लागले, ऐकू कमी येऊ लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सर्वांत भयंकर होते ते मनाचे हाल. दूरध्वनीचा क्रमांक पाहून यंत्रापर्यंत जाईतो तो आठवेनासा होई. वाचलेले पुस्तक, पाहिलेले नाटक चार दिवसांत पुसले जाई. व्याख्यान तयार करणे हे डोंगर चढण्याएवढे कष्टाचे झाले, साधी आकडेमोड चुकू लागली. मूळचा मिळून मिसळून राहणारा हा गृहस्थ चिडचिडा आणि एकलकोंडा झाला. डॉक्टरांनी कधी अतिश्रमांवर बोट ठेवले, कधी मज्जातंतूंच्या दौर्बल्यावर. दुखणे डोळ्यांना दिसत नाही आणि तपासणीत सापडत नाही, अशा रुग्णाच्या वाट्याला जे येते, तेच या जगप्रसिद्ध प्राध्यापकाच्या वाट्याला आले. त्याची तक्रार स्वभावदोषात जमा झाली.

१९२४ मध्ये गाठ सुटली. स्टॉक यांच्या ध्यानात आले की हे दुखणे एकट्याचे नाही. त्यांच्या खोल्यांत काम करणारे सहकारीही कमीअधिक प्रमाणात याच तक्रारी करत होते. सर्वांना समान असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे पारा. वर्षानुवर्षे फुटलेल्या नळ्यांतून, सांडलेल्या दाबमापकांतून तो थेंबाथेंबाने लाकडी फरशीच्या फटींत जाऊन बसला होता. हवेची तपासणी झाली, सहकाऱ्यांच्या लघवीची तपासणी झाली, आणि दोन्हींत पारा सापडला. जवळजवळ २५ वर्षे स्टॉक तो श्वासावाटे घेत होते.

पारा विषारी आहे, हे तोपर्यंत कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. आरशांना कल्हई करणारे, पाऱ्याच्या खाणीत राबणारे आणि टोप्यांसाठी केसाळ कातडी कमावणारे कामगार त्यापायी थरथरत आयुष्य काढत, हे वैद्यकाला जुनेच माहीत होते. परंतु ते मोठ्या मात्रेचे विष होते. हात कापतात, दात पडतात, माणूस भ्रमिष्ट होतो, असे ढळढळीत चित्र असेल तरच डॉक्टर पाऱ्याचे नाव घेत. अत्यल्प मात्रा वर्षानुवर्षे शरीरात जात राहिली तर ती आधी मनावर घाला घालते आणि तो घाला थकव्याच्या सोंगाने येतो, ही गोष्ट स्टॉक यांनी स्वतःच्या शरीरावरून मांडली.

इथे पाऱ्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्या जुन्या घरांत ताप मोजायची काचेची नळी फुटली की मुले तो चमकता गोळा तळहातावर खेळवत. धान्याच्या डब्यात पारद गोळ्या टाकण्याची रीतही मराठी घरांना परिचयाची. द्रवरूप पारा चुकून गिळला गेला तर आतड्यांत त्याचा अगदी नगण्य अंश शोषला जातो. धोका त्याच्या वाफेत आहे. पारा साध्या खोलीच्या तापमानाला, न उकळता, न दिसता आणि वास न येता उडत राहतो. २० अंश सेल्सिअसला बंद जागेतली हवा पाऱ्याच्या वाफेने तृप्त झाली, तर घनमीटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम पारा तीत असतो. कामाच्या जागी हवेत पाऱ्याची जी मर्यादा आज अनेक ठिकाणी पाळली जाते, ती घनमीटरमागे ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ही तृप्त हवा त्या मर्यादेच्या पाचशे पट ठरते. श्वासावाटे गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूपर्यंत सहज पोहोचतो.

१९२६ मध्ये स्टॉक यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयीचा आपला गाजलेला लेख प्रसिद्ध केला. एखाद्या मान्यवर शास्त्रज्ञाने आपली विस्मृती, चिडचिड, खचलेले मन आणि बुद्धीला आलेले मांद्य असे चारचौघांत उघड करणे त्या काळात अभूतपूर्व होते. आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल याची पर्वा त्यांनी केली नाही. प्रयोगशाळांत काम करणाऱ्या पुढच्या पिढीने हे भोगू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या इशाऱ्यानंतर अनेक प्रयोगशाळांत फरशा, वायुवीजन आणि सांडलेला पारा उचलण्याच्या रीती यांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले.

तथापि ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर थांबले नाहीत. सामान्य माणूस पाऱ्याच्या सर्वांत जवळ कुठे येतो, हा पुढचा प्रश्न होता. उत्तर तोंडातच होते. पारा इतर धातूंशी चटकन मिसळून जो लगदा बनतो, त्याला अमलगम म्हणतात. दंतवैद्यकातल्या अमलगममध्ये जवळजवळ निम्मा पारा आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे असते. लगदा मऊ असतो, पोकळीत दाबून बसवता येतो, आणि थोड्याच वेळात कठीण होतो. लाळेने विरघळत नाही, चावण्याचा भार सोसतो आणि खर्च बेताचा. गरीब-श्रीमंत सर्वांची दाढ वाचवणारा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत पसरला. वाद मात्र त्याच्या पाठीशी जन्मापासून होता. अमेरिकेत १८४० च्या दशकात दंतशल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना अमलगम वापरण्यास मनाई केली. त्या भांडणात ती संघटनाच १८५६ मध्ये मोडली. पुढे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात अमलगममधील धातूंचे प्रमाण शास्त्रशुद्ध करून दिले आणि वादावर पडदा पडल्यासारखे झाले.

स्टॉक यांनी तो पडदा दूर केला. पारा लगद्यात एकदा बांधला गेला की तिथेच राहतो, असा समज रूढ होता. स्टॉक यांनी दाखवले की तो पुरता बांधला जात नाही. त्यातून सूक्ष्म वाफ निघत राहते. विशेषतः त्या काळी वापरले जाणारे तांब्याचे अमलगम फार वाईट. त्याची गोळी चमच्यात धरून, पाऱ्याचे थेंब सुटेपर्यंत ज्योतीवर तापवावी लागे आणि मगच ती दाढेत भरली जाई. म्हणजे रुग्णाआधी दंतवैद्यच ती वाफ हुंगत असे. एवढी सूक्ष्म मात्रा मोजणारी पद्धत तोवर हाताशी नव्हती. स्टॉक यांनी सहकाऱ्यांसह ती घडवली. ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या आसपासचा पारा हवेत, लघवीत, अन्नात आणि शरीराच्या ऊतींत हुडकून काढण्याचे काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षे केले. बोरेनांइतकेच त्यांचे हेही काम मोलाचे आहे. तक्रारीला त्यांनी आकड्याचे बळ दिले.

जर्मनीत यावरून मोठे वादळ उठले. बर्लिनच्या विख्यात शारिटे रुग्णालयात अमलगम असलेल्या रुग्णांची तपासणी सुरू झाली. काही जणांच्या तक्रारींशी पाऱ्याचा संबंध जुळला, बहुसंख्यांच्या बाबतीत तो जुळला नाही. तांब्याचे अमलगम हळूहळू मागे पडले. चांदीच्या अमलगमविषयी मात्र दंतवैद्यकाने कौल त्याच्या बाजूने दिला. त्या कौलात सोय होती आणि काही अंशी तथ्यही होते. स्टॉक स्वतः पराकोटीचे बाधित होते. अगदी थोड्या पाऱ्याशी पुन्हा संबंध आला तरी त्यांची दुखणी उफाळून येत. प्रयोगशाळेतल्या २५ वर्षांच्या मात्रेचा अनुभव दाढेतल्या कणभर मात्रेला लावताना त्यांचा निष्कर्ष कित्येकदा पुराव्याच्या पुढे धावला. प्रश्न बिनचूक होता, उत्तर मात्र सर्वांसाठी सारखे नव्हते.

या वादात एक महत्त्वाचा भेद पुसला जात होता, आणि आजही तो पुसला जातो. विष वेगळे आणि वावडे वेगळे. विषाची बाधा मात्रेवर अवलंबून असते. मात्रा पुरेशी झाली की ते कुणालाही सोडत नाही. वावडे, म्हणजे ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो, ते व्यक्तीवर अवलंबून असते. नव्याण्णव जणांना जे पचते ते शंभराव्याला बाधते, कारण त्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजते. ॲलर्जी हा शब्दच १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. त्याआधी, १८९५ मध्ये, योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी संशयित पदार्थ कातडीवर पट्टीखाली ठेवून वावडे ओळखण्याची चाचणी मांडली होती. योगायोग असा की त्या चाचणीतला पदार्थ पाराच होता, आणि याडासोन तेव्हा ब्रेस्लाऊ येथेच काम करत होते. स्टॉक त्या शहरात पोहोचले ते १४ वर्षांनी.

१९२६ मध्येच स्टॉक कार्ल्सरूह येथील तांत्रिक विद्यापीठात गेले. पाऱ्याने पछाडलेली जुनी जागा मागे पडली. नव्या ठिकाणी त्यांनी पाऱ्यापासून बचावाची विशेष काळजी घेतली. प्रकृती काहीशी सुधारली, पूर्वपदावर मात्र आली नाही. १९३२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना व्याख्यानांसाठी पाचारण केले. बोरॉन व सिलिकॉनच्या हायड्राइडांवरील त्यांचा ग्रंथ त्यातून १९३३ मध्ये सिद्ध झाला. चरित्रकाराला अवघड वाटावा असा अध्यायही याच वर्षी सुरू होतो. स्टॉक यांनी १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. त्याच वर्षी डालेममध्ये शेजारच्या संस्थेचे प्रमुख फ्रिट्झ हाबर यांना ज्यू सहकाऱ्यांवरील अन्यायामुळे पद सोडावे लागले. १९३६ ते १९३८ या काळात स्टॉक जर्मन रसायन संस्थेचे अध्यक्ष होते, आणि तो काळ ज्यू शास्त्रज्ञांना देशोधडीला लावण्याचा होता. पाऱ्याचा अदृश्य धोका ज्या नजरेने टिपला, तीच नजर समोर घडणाऱ्या उघड अन्यायापुढे मिटली. त्यांच्या विज्ञानाची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणे योग्य नव्हे.

१९३६ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते कार्ल्सरूहच्या पदावरून निवृत्त होऊन बर्लिनला परतले. तिथे त्यांनी पाऱ्याच्या मोजमापाचे काम सुरू ठेवले. स्नायूंच्या दुखण्याने हालचाल अवघड होत गेली. युद्धाच्या धामधुमीत १९४३ मध्ये प्रयोगशाळेची जागा सोडावी लागली आणि ते सायलेशियातील बाड वार्मब्रुन येथे राहावयास गेले. १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ येताच तेथूनही पळ काढावा लागला. एल्ब नदीकाठच्या आकेन या लहानशा गावी ऑगस्ट १९४६ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, आल्फ्रेड स्टॉक यांचे निधन झाले. पराभूत, उद्ध्वस्त देशात एका आजारी प्राध्यापकाच्या मृत्यूची दखल कोण घेणार?

त्यांचा प्रश्न मात्र मेला नाही. अमलगममधून वाफ सुटते हे पुढच्या काळातील अचूक उपकरणांनी पुन्हा सिद्ध केले. चावताना, दात खाताना आणि वाफाळता चहा घेताना ती वाढते हेही दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ मधील अहवालाने मान्य केले, की कामानिमित्त पाऱ्याशी संबंध न येणाऱ्या सामान्य माणसाला पाऱ्याच्या वाफेचा सर्वांत मोठा स्रोत दाढेतले अमलगमच असते. दुसऱ्या बाजूला, अमेरिका आणि पोर्तुगालमध्ये लहान मुलांवर झालेले दोन दीर्घ अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमलगम भरलेल्या मुलांच्या बुद्धीत किंवा वर्तनात त्यांना इतर मुलांहून फरक आढळला नाही. बहुसंख्यांच्या बाबतीत ती वाफ इजा करण्याइतकी नसते, एवढे त्यातून कळते. पण ज्याला पाऱ्याचे वावडे आहे, त्याच्या गालाच्या आतल्या बाजूस, नेमकी त्या दाढेला टेकणारी जागा पांढऱ्या रेघांनी भरते, झोंबते, कधी सोलवटते. भरलेला पदार्थ बदलला की ती जागा बहुधा बरी होते. अशी माणसे थोडी असतात, पण त्यांचे दुखणे खरे असते.

अखेर अमलगमचा निकाल लावला तो दाढेबाहेरच्या पाऱ्याने. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने दूषित मासे खाल्ल्यामुळे झालेला आजार १९५६ मध्ये उघडकीस आला होता. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, अमलगमचा वापर बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे करारातील देशांनी २०३४ पर्यंत दंतवैद्यकातून अमलगम हद्दपार करण्याचे ठरवले. स्टॉक यांच्या लेखानंतर त्याला ९९ वर्षे लागली. मुंबईच्या उपनगरवासीयांना या निर्णयातले मर्म समजायला दूर जावे लागणार नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर यांच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून वाहून गेलेला अमलगमचा चुरा गटारातून शेवटी अशाच पाण्याकडे निघतो. चिखलातील जिवाणू पाऱ्याचे जे संयुग बनवतात, ते माशांमार्फत पुन्हा माणसाच्या ताटात येऊ शकते.

आज अंधेरीच्या वा घाटकोपरच्या दंतवैद्याकडे गेले, तर बहुधा दाताच्याच रंगाचे रेझिन किंवा ग्लास आयनोमर सिमेंट भरले जाते. म्हणून प्रश्न संपला असे मात्र नाही. रेझिनमधील मेथॅक्रिलेट रसायनांचे वावडे काही रुग्णांना असते. ती रसायने रोज हाताळणाऱ्या दंतवैद्यांना व साहाय्यकांना तर ते अधिक जडते, कारण पातळ हातमोज्यांतूनही ती आत शिरतात. कवळीचे ॲक्रिलिक नीट शिजले नसेल तर त्यात उरलेले मूळ द्रव्य हिरड्यांना जाळते. कमी किमतीच्या कॅपमध्ये बहुधा निकेल असते, आणि धातूंच्या वावड्यांत निकेल अग्रस्थानी आहे. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली ज्यांची कातडी लाल होते, त्यांनी कॅप बसवण्याआधी ही गोष्ट दंतवैद्याला आवर्जून सांगावी. झिर्कोनिया किंवा टायटॅनियम हे पर्याय आज उपलब्ध आहेत. शंका दाट असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पट्टीची चाचणी करून घ्यावी. पट्टी ४८ तासांनी काढून तपासतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. मात्र जुनी, शाबूत, त्रास न देणारी चांदी केवळ भीतीपोटी उकरून काढू नये. उकरताना सुटणारी वाफ वर्षभर दाढेत राहणाऱ्या वाफेपेक्षा जास्त त्रासाची ठरू शकते.

आपल्या दाढेत नेमका कोणता पदार्थ भरला आहे, कॅप कोणत्या धातूची आहे, हे विचारून आपल्या कागदांत लिहून ठेवण्याची सवय मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. पुढे वर्षांनी तोंडात जळजळ सुरू झाली, तर डॉक्टरला पहिला धागा त्याच नोंदीतून मिळतो. आल्फ्रेड स्टॉक यांना तो धागा सापडायला २५ वर्षे लागली, आणि सापडला तेव्हा नुकताच पाहिलेला दूरध्वनीचा क्रमांकही त्यांना आठवत नव्हता.